खिळ्यावरचा सेन्सर सोमवारपूर्वी टाकीत बसवण्याबाबत

प्रति,
मा. कारखाना निरीक्षक,
औद्योगिक सुरक्षा कार्यालय.

विषय : गोंदाच्या टाकीवरील सेन्सर पूर्ववत बसवणे आणि मयत चालकावरील ठपका मागे घेणे.
संदर्भ : आपला चौकशी अहवाल, शेवटचे पान.

महोदय,

१. अर्जदार हा खोक्यांना लावायचा गोंद शिजवणाऱ्या टाकीवर दुसऱ्या पाळीचा चालक आहे. याआधी या जागेवर अर्जदाराचे थोरले बंधू (यापुढे ‘दादा’) होते. याच टाकीतला उकळता गोंद अंगावर येऊन दादा भाजले व इस्पितळात वारले. आपल्या अहवालात त्यांच्या नावापुढे ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असे नमूद आहे. दादांची मुलगी नुकतीच वाचायला लागली आहे. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचले आणि अर्थ अर्जदाराला विचारला.

२. टाकी दुपदरी आहे. आत गोंद, बाहेरच्या पदरात तापलेले तेल. पॅनेलवर दोन कंट्रोलर आहेत, त्यांना आम्ही थोरला आणि धाकटा म्हणतो. थोरला गोंदाचे तापमान पाहतो व तेल किती तापवायचे तो आकडा धाकट्याला तारेवरून कळवतो. धाकटा तो आकडा गाठतो, उलट विचारत नाही. साहेब लोक याला रिमोट सेटपॉइंट म्हणतात. व्यवस्था चांगली आहे, तिच्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. परंतु थोरल्याला खोटे दिसू लागले तर धाकटा त्याच इमानाने घर जाळतो. अशा वेळी धाकट्याला वेगळा काढून हाताने चालवता यावे म्हणून पॅनेलवर ‘लोकल’ची चावी दिलेली आहे. चालक मनमानी करतील या भीतीने ती चावी उत्पादन प्रमुखांच्या खिशात असते.

३. थोरल्याचा सेन्सर टाकीत ज्या नळीत बसतो ती नळी गळू लागली. फिटरने सेन्सर उपसून काढला, भोकाला बूच मारले आणि नवी नळी येईपर्यंत म्हणून सेन्सर दाराजवळच्या खिळ्याला टांगला. नळी आजतागायत आलेली नाही. दाराजवळ वारा लागतो, त्यामुळे थोरल्याला गोंद गार दिसे आणि तो धाकट्याकडे तेल तापव, अजून तापव असा धोशा लावी. दादांनी चावी मागितली असता फोरमननी एक थर्मास आणून दिला. सेन्सर थर्मासातल्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे थोरला गप्प बसतो. दादा गोंद ढवळून अंदाज घेत आणि त्याप्रमाणे थर्मासात चहाच्या किटलीतले गरम किंवा नळाचे गार पाणी घालत. घरी वहिनींना म्हणत, “मी गोंद नाही शिजवत गं, थोरल्याची समजूत काढत बसतो.” वहिनी हसत. त्या हसण्याची त्यांना आता लाज वाटते.

४. पुढे कारखाना पाहायला पाहुणे यायचे ठरले. टाकीघरात थर्मास दिसणे बरे नव्हे, म्हणून तो उचलून कपाटात ठेवण्यात आला. सेन्सर पुसून पुन्हा खिळ्याला टांगला. पाहुण्यांना उकडू नये यासाठी दार सताड उघडे ठेवले. थोरल्याला गार दिसले, त्याने आकडा चढवला, धाकट्याने तो इमानाने गाठला. गोंद फुगू लागला तसे दादा चावी मागायला धावले. चावी प्रमुखांच्या खिशात होती आणि प्रमुख पाहुण्यांबरोबर जेवायला बसले होते. शिपाई म्हणाला, “साहेबांना आत्ता उठवता येणार नाही, जरा दम धरा.” दादा परत आले आणि त्यांनी तेलाचा पंप बंद केला. पण पदरातले तेल तापलेलेच होते. गार पाण्याचा कॉक वर, टाकीच्या तोंडाशी असलेल्या माचीवर आहे, म्हणून ते माचीवर चढले. अहवालात याला ‘विनापरवानगी माचीवर चढणे’ म्हटले आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

५. आपण स्वतः पाहणीस आलात तेव्हा पॅनेलवर आकडा बरोबर होता आणि आपण ‘दोन्ही कंट्रोलर निर्दोष’ असे लिहून नेलेत. नम्रपणे निदर्शनास आणतो की ते तापमान गोंदाचे नव्हते. त्या सकाळी थर्मास भरून परत ठेवला होता, आणि आपण पाहिलात तो चहाच्या किटलीतल्या पाण्याचा आकडा होता. टाकीत त्या दिवशी गोंदच नव्हता. आपण झाकण उघडून पाहिले नाही.

६. आपल्या अहवालानंतर व्यवस्थापनाने सुधारणा केली. थर्मासभोवती पत्र्याची रंगवलेली पेटी बसवली असून तिच्यावर ‘सेन्सर कक्ष’ असे लिहिले आहे. पाणी घालण्याचे काम अर्जदाराकडे आहे. दादा हे काम कसे करीत ते अर्जदाराने शेजारी उभे राहून पाहिले होते, हीच अर्जदाराची पात्रता.

७. येत्या सोमवारी पुन्हा पाहुणे येत आहेत. थर्मास पेटीसकट कपाटात ठेवण्याची आणि दार उघडे ठेवण्याची सूचना मिळाली आहे. चावी मागितली असता ‘मागच्या वेळी काय झाले ते माहीत आहे ना’ असे उत्तर मिळाले. सोमवारी दुसऱ्या पाळीला टाकीवर अर्जदार एकटा आहे.

८. सबब विनंती की सोमवारपूर्वी नळी बसवावी, ते न जमल्यास चावी चालकाकडे द्यावी, आणि दादांच्या नावापुढचे ते दोन शब्द खोडावेत. गोंद फुगला तर अर्जदार माचीवर चढेल. दुसरा मार्ग नाही, आणि खाली बाकीची माणसे काम करीत असतात. हा अर्ज आपल्या हाती सोमवारनंतर पडल्यास कृपया तो फाइलबंद करू नये. वरील मजकुरात दादांच्या जागी अर्जदाराला धरून तो पुन्हा वाचावा. पुढचा अर्ज लिहायला घरात मग वहिनी आणि ती मुलगी एवढ्याच उरतील, आणि मुलीला अजून जोडाक्षरे लिहिता येत नाहीत.

आपला नम्र व अद्याप कामावर असलेला,
(सही)
टाकीचालक, दुसरी पाळी
शुक्रवार

सोबत :
१. चौकशी अहवालाच्या शेवटच्या पानाची प्रत.
२. खिळ्याचा फोटो.
३. थर्मास जोडता आला नाही. तो वापरात आहे.