नळाजवळची खोली दिवाल्याबाबांना

मी तौसिफ बशीर मन्सुरी, वय चोवीस, धंदा वेल्डिंग, राहणार नवापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचा दाब नसताना हे लिहितो. पुढच्या आठवड्यात सुरतेला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर हसून बोलले, पण सह्या फार घेतल्या.

१. माझ्या नावच्या घराला तीन खोल्या. आमच्या कायद्याने वारसाबाहेरच्या माणसाला एक तृतीयांशच देता येतं. म्हणून नळाजवळची, उंबरठा नसलेली खोली दिवाल्या पाडवी यांना हयातभर राहायला द्यावी.

हे कोण, तर मी खोट्या केसमध्ये आत होतो (निर्दोष सुटलो), तेव्हा बराकीत सगळ्यात म्हातारे हेच. गाव सातपुड्यात, काठी गावाच्या वर. केल्याची शिक्षा भोगतात, दिवाळीनंतर सुटतील. घ्यायला कोणी येणार नाही. गुडघे वळत नाहीत, संडासला बसवताना दोघांनी धरावं लागतं. दात नाहीत, भाकरी वरणात भिजवून देतो आम्ही. म्हणजे द्यायचो. खाटेसाठी किती अर्ज केले! खाट आली ती नेमकी होळीच्या तोंडावर. बाबांची होळीच्या नवसाची पाळणी चालू. नवसाचा माणूस होळीपर्यंत खाटेवर निजत नाही.

मी भांडलो, "बाबा, इथं कोण बघतंय?"

"होळी बघते. तिला काय जेलची भिंत आडवी येते?"

बराकीतल्याच उखाला दमा, त्याला खाटेवर निजवलं आणि स्वतः खाली फरशीवर, हात उशाला. काठीची होळी मी पाहिलीय, मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे, रात्रभर ढोल (तिथून धडगावला का गेलो ते राहू द्या), पण बाबांच्या त्या फरशीवर निजण्याएवढं मोठं मी कुठंच पाहिलं नाही.

२. वेल्डिंग मशीन भाऊ तौहिदला. अट अशी: संडासात बसायची लोखंडी खुर्ची अर्धी झालीय, ती पुरी करून बाबांना द्यावी. दुसरी बनवून जेलला द्यावी, घेतली तर. माझी वेल्डिंगची काच त्यानेच फोडली. माफ नाही.

३. सुटकेच्या दिवशी कोणीतरी फाटकाशी लवकर उभं राहावं. नाहीतर बाबा चालू लागतील, आणि कुठे ते त्यांनाही माहीत नसेल.

साक्षीला आलेले शेजारी लोटनआप्पा म्हणाले, "लगीनना ठिकाना नई, आन मृत्युपत्र करी ऱ्हायना!"

अम्मी अख्तरबानोने सगळं ऐकून विचारलं, "ये सब तेरे मरने के बाद?"

"हो."

"और तू जिंदा आया, तो बुढ्ढा किधर जाएगा?"

मी पेन परत उचललं.

४. मी जगलो तरी वरचं सगळं तसंच लागू.

सही: तौसिफ बशीर मन्सुरी
संमती: अख्तरबानो (अंगठा)
साक्षीदार: लोटन पाटील, शीला गावित
नवापूर, जि. नंदुरबार, १२ सप्टेंबर २०२५