डोणीत पाणी नव्हते

मुक्काम कर्जत,
विजयादशमी, सकाळ

वडिलांच्या ठिकाणी असलेले रा. रा. गोपाळकृष्णपंत दादा यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे हरीचा, साष्टांग नमस्कार. इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत असे आरंभी लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहितो. खरे पाहता खुशाल आहे ती फक्त तुमची बहीण. आपल्या गुडघ्यांना नव्या तेलाने उतार पडला का? वहिनींचा खोकला गेला का? चि. उमा सासरी रमली का? ठाण्यास आपली वकिली पूर्वीप्रमाणेच जोरात चालत असेल, आणि आपल्या शब्दाला कचेरीत पूर्वीप्रमाणेच वजन असेल, अशी आशा करतो. (ही चौकशी मी मनापासून करीत आहे. पुढे जे लिहायचे आहे त्याची ही पूर्वतयारी आहे असा कृपया समज नसावा.)

आपणास ठाऊक आहेच की मी रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर हत्यारांच्या याद्या लिहिल्या, पण त्यांतले एकही हत्यार कधी हातात धरले नाही. मला धारेची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. न्हावी गळ्याशी आला की मी डोळे मिटून रामरक्षा म्हणतो हे आनंदीने आपणास सांगितलेच असेल, तिने ते सर्वांना सांगितले आहे. असे असता पेन्शनीच्या वेळी आमच्या साहेबाने विलायतेस परत जाताना मला आठवण म्हणून काय द्यावे? धार लावायचे यंत्र! एक मोठा वाटोळा दगड, त्याखाली पाण्याची लाकडी डोणी आणि पायाने दाबायची फळी. फळी दाबली की दगड डोणीतल्या पाण्यातून फिरतो आणि ओला होऊन वर येतो, त्यामुळे पाते कितीही घासले तरी गार राहते. साहेबाने मला बजावून सांगितले होते की डोणी कोरडी ठेवून कधी चालवू नकोस, कोरड्या दगडावर पाते तापून निळे पडते आणि मग पोलादात काही जीव राहत नाही. (त्याला ते जड धूड बोटीवर नेणे शक्य नव्हते म्हणून त्याने मला दिले असे आनंदी म्हणते. मी तिच्याशी वाद घालीत नाही.)

यंत्र परसात पडवीखाली बसवले. पहिल्यांदा आनंदीची विळी घेतली. धार अशी लागली की दुधीची फोड करता करता तिचे बोट कापले आणि रक्त पाहून मला घेरी आली. तिने एका हाताने बोट बांधले व दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर पाणी मारले. पण विळीची कीर्ती आळीत गेली, आळीतून बाजारात गेली, आणि कशेळ्याचा बुधाजी आपला कोयता घेऊन दारात उभा राहिला. भातकापणी तोंडावर आली होती. बुधाजीने धार लावलेला कोयता अंगठ्यावर फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पंत, आता ह्यो कोयता नुसता दावला तरी भात आडवं व्हईल." दादा, जन्मात पहिल्यांदा कोणी माझ्या हातच्या कामाचे कौतुक केले. मी फुगलो, हे कबूल करतो. येईल त्याला नाही म्हणेनासा झालो आणि येईल त्याला पाण्याचे महत्त्व समजावून सांगू लागलो. बघता बघता पडवीत कोयते, विळे, कुऱ्हाडी, सुतारांचे वाकस आणि खाटकाचा एक सुरा (तो मी आनंदीला न दाखवता कोपऱ्यात ठेवला) यांची रास पडली.

इथून पुढे माझी झोप उडाली. अष्टमीला बुधाजी आला तो कोयता न्यायला नव्हे, तर बातमी घेऊन. हलक्या आवाजात म्हणाला, "पंत, फवजदार इचारीत व्हता, पंताच्या घरी एवढी हत्यारं कशापायी जमल्यात? उद्या सोता येनार हाय." हत्यारांचा कायदा तुम्ही मला मागे दिवाळीत समजावून सांगितला होता, पण तेव्हा मी करंजी खात होतो आणि माझे लक्ष नव्हते. एवढेच आठवत होते की त्यात शिक्षा आहे. मी ठरवले की पहाटे उठून सगळे पेंढ्यात लपवायचे. पहाटे उठून पाहतो तो आनंदी माझ्या आधी उठलेली. खंडेनवमी ना! तिने सगळी हत्यारे धुऊन पुसून पडवीभर ओळीने मांडली होती, प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाला झेंडूचे फूल. यंत्रालाही माळ घातली होती. डोणीतले गाळाचे पाणी ओतून टाकून तीत झेंडू भरून वर नारळ ठेवला होता. मी म्हटले, अगं, ही उचलायला हवीत. ती म्हणाली, आज पूजेतले हत्यार उचलायचे नसते, उद्या सीमोल्लंघन झाल्यावर उचला. मी फौजदाराचे नाव काढले. ती म्हणाली, येऊ देत, खीर केली आहे.

फौजदार येसाजीराव आले. मिशा आपण पाहिल्याच आहेत. ते थेट परसात गेले, मांडलेली हत्यारे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, आणि मिशीवरून हात फिरवला. मला वाटले, आता बेड्या. दादा, त्या क्षणी मला तुरुंगाची भीती वाटली नाही. तुरुंगात निदान कोणी वस्तरा जवळ बाळगीत नसेल. भीती वाटली ती ही की आनंदी या घरात एकटी राहील. आम्हाला मूल नाही. ती तोंडाने काही म्हणणार नाही, पण दिवे लागले की ती दोन ताटे घेते आणि मग एक परत ठेवते, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आले आणि मला रडू कोसळले. फौजदारांनी मला बाजूला घेतले. पाहतो तो त्यांचाच चेहरा उतरलेला. म्हणाले, "पंत, तुमच्या यंत्राचा फार बोलबाला ऐकला. एक नाजूक काम हाय. कोणाला कळता कामा नये."

काम असे की कोजागिरीच्या सुमारास जिल्ह्याचे बडे साहेब खालापुरास तपासणीला येणार आहेत. फौजदारांनी त्यांच्यापुढे तलवार उपसून सलामी द्यायची. आणि तलवार पावसाळाभर खुंटीला लटकून म्यानातच गंजलेली! त्यांनी म्यान धरले, मी मूठ धरली, आणि ती एकदाची निघाली तेव्हा आम्ही दोघेही खाली बसलो होतो. पाते पाहून मला फौजदारांची दया आली. उद्या या असे मी म्हणायला हवे होते. आज नवमी आहे, यंत्र पूजेत आहे, एवढे चार शब्द. पण मिशांकडे पाहून ते माझ्या तोंडून बाहेर पडेनात. फौजदार पुढच्या ओटीवर खीर खायला बसले, आनंदी वाढायला उभी राहिली, आणि मी चोरासारखा यंत्राशी गेलो.

नारळ काढला, झेंडू काढले. पाणी हवे होते. पाण्याचा हंडा ओटीच्या पलीकडे. तो आणायचा तर आनंदीच्या समोरून जायचे, म्हणजे पूजेतल्या यंत्राला हात लावला हे तिला कळणार. आडावरून ओढायचे तर रहाट करकरणार. एकीकडे ती, एकीकडे फौजदार, आणि मध्ये मी. सबंध तालुक्याला पाण्याचे महत्त्व सांगणाऱ्या या माणसाने, दादा, कोरड्या डोणीवर फळी दाबली. ठिणग्या उडाल्या. ठिणग्यांना मी भ्यालो, भिऊन हात आणखी जोरात दाबला गेला, आणि पाते टोकापासून निळे होत होत पार मुठीजवळ आले. मग ते वाकले. सरळ करावे म्हणून उंबऱ्यात अडकवून ओढले, तर आनंदीच्या विळीसारखा बाक आला. ओटीवरून ढेकर ऐकू आला तसे मी ते म्यानात कोंबले. कसे गेले ते देव जाणे. फौजदारांनी न उपसताच तलवार कमरेला बांधली, उपकार झाले म्हणाले आणि गेले. मी झेंडू परत डोणीत भरले, पण नारळाची शेंडी उलट्या दिशेला राहिली आहे आणि आनंदी सकाळपासून त्या नारळाकडे पाहते आहे.

तरी आपल्यासारख्या कायदेपंडितास दोनच गोष्टी विचारतो. कोयता कायद्याने हत्यार होतो काय? आणि सरकारी तलवारीची विळी केल्यास कोणते कलम लागते? वहिनींस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. आमची आठवण ठेवावी, कारण ती ठेवण्याची वेळ जवळ आली आहे असे वाटते.

आपला,
हरी

ता. क. कायद्याचे उत्तर सवडीने दिले तरी चालेल. पत्र लिहिण्याचे खरे कारण असे की मी उद्याच्या गाडीने ठाण्यास येत आहे. आपली माडीवरची खोली, जिला आतून कडी आहे, ती मोकळी करून ठेवावी. कोणी विचारल्यास मी आलेलो नाही.

ता. क. दुसरा. वरील मजकूर लिहून होतो तोच फौजदार दारात! आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून ते माझ्या गळ्यात पडले. सकाळपासून ओढताहेत, तलवार निघत नाही. त्यांची खात्री झाली आहे की नवमीला पूजेतले यंत्र चालवायला लावले म्हणून देवी कोपली आणि तिने तलवार म्यानात धरून ठेवली. मी त्यांना नाही म्हटले नाही, हो देखील म्हटले नाही. साहेबापुढे उभे राहण्यापेक्षा आजारीपणाची रजा बरी असे त्यांचे मत पडले. ठाण्यास माझे वकील नातलग आहेत हे माझ्याच तोंडून निघून गेले. तरी अंथरुणे दोन घालावी. ते घोरतात, असे त्यांनी आधीच सांगितले आहे. पाकीट चिकटवायला आनंदीकडे देतो.

दादास आनंदीचा नमस्कार. पाकीट चिकटवण्याआधी वाचले. अक्षर वाईट आहे, ह्यांनी दार लावून घेऊन लिहायला शिकवले, लोक काय म्हणतील म्हणून दिवा सुद्धा लहान ठेवीत. दोघे इथेच जेवून निजले आहेत. फौजदारांनी तलवार देवापुढे ठेवून मला देवीची ओटी भरायला सांगितली. ओटी भरली. मग म्यानात तेल ओतले, म्यान पायाखाली धरले आणि तलवार ओढली. पाते इतके मऊ पडले आहे की पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकले तर सरळ झाले. आता आत जाते, बाहेर येते. तिने काकडी सुद्धा चिरणार नाही, पण साहेबाला सलामच करायचा आहे ना? हे मी दोघांना सांगितलेले नाही. येऊ देत तुझ्याकडे, इथे उद्यापासून लोक आपापले कोयते न्यायला येतील आणि ह्यांना प्रत्येकाची भीती वाटेल. कोजागिरीच्या आधी परत पाठव आणि देवीने क्षमा केली असे सांग. मी एकटी राहीन म्हणून ह्यांना रडू आले हे दोनदा वाचले, बरे वाटले. मग ह्यांची पेटी उघडून पाहिली, तर गाडीसाठी भरलेली धोतरे फक्त ह्यांचीच, माझे एक लुगडे नाही. तरी लवकर पाठव. घरात घाबरायला कोणी नसले की मला करमत नाही.