तुळईवरचं पान

दिनान, सोमवार दुपार

प्रिय बाबा,

तुमच्या थोरलीचा मनापासून नमस्कार. मी मजेत आहे. पोटभर जेवते, दोर बांधूनच शिडी चढते, एवढं आईला सांगा.

चौकातल्या पाचशे वर्षांच्या लाकडी घराची भिंत आम्ही उतरवतोय. परत जुळवताना घोळ नको म्हणून प्रत्येक तुळईवर आपण वेगळा आकडा कोरतो ना? इथं दोन तुळयांवर चारचाच आकडा! ट्युग्डुआल मिस्त्री भडकले, "तीस वर्षांपूर्वी कुठल्या गाढवानं केली ही डागडुजी?" मग सांध्यावरून हात फिरवत पुटपुटले, "पण काय सांधा बसवलाय लेकाच्यानं! सुरीचं पातं शिरत नाही."

आकड्याशेजारी ओकचं पान कोरलं होतं. माझ्या पाळण्यावर तुम्ही कोरलंत, तेच.

"ते गाढव म्हणजे माझे बाबा," मी म्हटलं. मिस्त्रींनी टोपीच काढली.

हात थरथरतो म्हणून तुम्ही हत्यारं माळ्यावर टाकलीत, असं आई लिहिते. चमचा तरी धरता येतो ना? हत्यारं खाली काढा, बाबा. मी आले की ती मी चालवीन, तुम्ही नुसतं बघा आणि चुका काढा.

नव्या तुळईवर मीही तुमचंच पान कोरलंय. सगळं तुमच्याकडूनच शिकले. आकडा मात्र दोनदा तपासला.

तुमची लाडकी,
एनोरा