गनमेटलचा गिअर

आबा, लासुर्ण्याच्या बागायतदारांची ती जुनी पेट्रोल जीप सोमवारी पुन्हा आपल्या गॅरेजात आली. मी बोनेट उघडलं आणि मला काहीच वाटलं नाही. तुम्ही गेल्यापासून असंच होतं.

त्या जीपला त्यांनी हौसेनं परदेशी, रोलरवाला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा, बसवून घेतला होता. तुम्ही मला समोर बसवून समजावलं होतंत, की हा कॅम पोलादी आहे, याच्या दातांवर फिरणारा, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा नेहमीचा बिडाचा गिअर याच्यापुढं टिकणार नाही. म्हणून तुम्ही मुद्दाम गनमेटलचा, तांबं-कथलाच्या मिश्रणाचा, करून आणलात. "मऊ हाय म्हणूनच घालायचा. झिजला तर त्यो झिजंल, कॅम वाचंल." दातांना निळा रंग लावून इंजिन हातानं फिरवायचं, ठसा दाताच्या मधोमध उमटतो का बघायचं, तिथं ऑइल पोचतंय का बघायचं. एवढं सांगून तुम्ही इंदापूरला सोयऱ्यांकडे गेलात. मला तो पिवळा गिअर खेळण्यातला वाटला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. मी बिडाचाच बसवला.

महिन्याभरात जीप ट्रॅक्टरला बांधून आली. ठिणगीचं टायमिंग हललेलं, ऑइलमध्ये चकाकणारा चुरा, गिअरचे दात सुरीसारखे झालेले. तो काळा गिअर तळहातावर घेऊन तुम्ही विचारता, "कुठला बसवलास गं?" मी म्हणते, "तुमी दिलेला." तुम्ही माझ्याकडं बघता, मग बाहेर जाऊन बागायतदारांना सांगता, "माझ्याच हातनं चुकलं." पोरीला गॅरेजात कशाला घेतलं, असं लोक आधीच बोलत होते, तुम्ही त्यांना बोलायला जागा ठेवली नाहीत. मग गनमेटलचा गिअर तुम्ही स्वतःच बसवलात, मला रागावलाही नाहीत. फक्त त्यानंतर मी केलेलं प्रत्येक काम तुम्ही गुपचूप पुन्हा तपासायचात. त्याची मला अजून लाज वाटते.

सोमवारी मी तुमचा गनमेटलचा गिअर काढला. दात बारीक झालेत, कॅमला ओरखडासुद्धा नाही. नवा घातला, रंग लावून ठसा बघितला. बागायतदार आता म्हातारे झालेत. स्टुलावर बसून चहा पीत होते. म्हणाले, "तुमच्या आबांच्या हातनं जल्मात तेवढं एकच काम चुकलं बघा."

गॅरेजात आम्ही दोघंच होतो. आता मला कोण काय बोलणार होतं?

मी म्हणाले, "व्हय."

तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. खरं सांगायचंय ते बागायतदारांना, त्यांचा नंबर माझ्याकडं आहे. मी अजून लावलेला नाही.