भाताची गिरणी आणि ‘कणी’ची चार गाणी

मी, छाया वाल्मिक ठोंबरे, वय एकसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे खैरपाडा, तालुका कर्जत, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मनाने आणि माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. नम्रता भगत यांनी दिला आहे. त्यांच्याकडून कानही तपासून घेतले. चांगले आहेत.

१. राहतं घर आणि घरामागची भातशेती माझी मुलगी समिधा हिला. पितळेचे हंडे तिने मोडीत घालू नयेत. घालायचेच तर मला कळणार नाही असं समजू नये.

२. दीर किशोर ठोंबरे यांना बंगल्यांच्या स्कीमसाठी गिरणीची जागा हवी आहे. ती त्यांना मिळणार नाही. भावाचा फोटो हवा तर न्यावा.

३. भाताची गिरणी तेवीस वर्षं बंद आहे. मोटार, भात सडायचा हलर, तो फिरवणारा पट्टा सगळं तेव्हाच भंगारात गेलं. उरल्या भिंती, पत्रा, विजेचा मीटर आणि मेन स्विच. दोन वर्षांपूर्वी नेरळची आरोही तिच्या तीन सोबत्यांना घेऊन जागा विचारायला आली. त्यांचा पंक बँड. “काकू, आमचा आवाज कुणालाच सहन होत नाही,” म्हणाली. मी म्हटलं, “गिरणीला आवाजाची सवय आहे.” तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती मुलं येतात. बँडचं नाव ‘कणी’ ठेवलं तेही इथेच.

ही मुलं एकेक सुटं गाणं बाहेर काढतात, त्याला सिंगल म्हणतात. डोक्यावर कंपनी नाही. स्वतःच रेकॉर्ड करतात, स्वतःच मोबाइलवर सोडतात. पहिलं गाणं ‘कुंपण’. आरोहीने माझ्या कानाला हेडफोन लावला. सगळ्या गदारोळाखाली टक्, टक्, टक् असं एकसारखं काही वाजत होतं. ड्रम वाजवणारा हर्षद म्हणाला, “काकू, ते मी वाजवत नाय. पण झकास बसलंय, म्हणून ठेवलं.”

मी ओळखलं. पट्ट्याला सांधा असतो. चाकावरून जाताना तो असाच वाजतो.

दुसऱ्या गाण्यात, ‘सेकंड होम’मध्ये, त्याच टकटकीबरोबर कुणा पुरुषाचा श्वास होता. तिसरं ‘पाणी कुणाचं’. त्यात दोन कडव्यांच्या मधे स्वच्छ हाक आली, “छाया!”

“काकू, छाया कोण?” आरोहीने विचारलं. तिला माझं नाव माहीत नव्हतं.

४. डिसेंबर २००२ मध्ये माझे पती वाल्मिक यांचा हात पट्ट्यात गेला आणि ते वारले. मी सगळ्यांना सांगितलं की मी मागच्या खळ्यात होते, काही ऐकलं नाही. ते खोटं आहे. मी दारात होते. भिंतीवरचा मेन स्विच माझ्यापासून चार पावलांवर होता. सोळा वर्षांच्या संसारात ते मला “अगं ए” म्हणत. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली. मी ती ऐकत उभी राहिले. किती वेळ, ते मला अजून सांगता येत नाही.

पट्ट्यावरची जाळी त्यांनी स्वतःच सकाळी काढली होती, हे मला माहीत होतं. तरी दोष आमच्या गिरणीवर काम करणाऱ्या नागू लडकू पारधी याच्यावर आला. किशोरभाऊजींनी त्याला चावडीवर सगळ्यांदेखत मारलं. मी पदर तोंडाला लावून गप्प बसले. पुढे त्याला गावात कुणी कामाला लावलं नाही. तो शिळफाट्याला हमाली करू लागला.

म्हणून गिरणी, जागेसह, नागूला.

५. गेल्या ऑक्टोबरात चौथ्या गाण्याच्या वेळी मी आत जाऊन बसले. बाहेर लख्ख ऊन होतं. मुलं वाजवत असताना मला हेडफोनशिवाय हाक ऐकू आली. मी “आले हो” म्हणाले, उठले आणि मेन स्विच पाडला. गिटार बंद पडल्या. हर्षदचे हात मांडीवर होते. तरीही टक्, टक् चालूच राहिलं. मग सावकाश झालं, आणखी सावकाश, आणि थांबलं. आम्ही पाचही जणांनी ऐकलं. बॅटरीवरच्या लॅपटॉपमध्ये ते आहे.

आरोही रडत होती. म्हणाली, “काकू, परत घेऊ का गाणं?” मी नको म्हटलं. ते अर्धवट आहे तसंच सोडावं. त्यातला आवाज आपल्या माणसाचा आहे म्हणून नातेवाइकांपैकी कुणी हरकत घेतली तर ती मानू नये.

६. हे कलम आज कर्जतला वकिलांच्या समोर वाढवले. मी नागूला बोलावून वरचा सगळा मजकूर वाचून दाखवला. तो पंख्याकडे बघत म्हणाला,

“वैनी, तुमी ऐकलं व्हतं?”

“हो.”

“आनि जाळीचं पन ठाव व्हतं?”

“हो.”

मग त्याने वकिलांना विचारलं, “साक्षीदाराला यातलं काय भेटतं?”

वकील म्हणाले, “काही नाही. साक्षीदाराने लाभ घेऊ नये, अशी रीत आहे.”

“मंग मी साक्षीदार व्हतो,” नागू म्हणाला.

मी पुष्कळ विनवलं. त्याने ऐकलं नाही. सबब कलम चारमधली गिरणी आता आरोही व तिच्या तीन सोबत्यांना समाईक. कलम चारमधला बाकीचा मजकूर खोडू नये.

ठिकाण : कर्जत
दिनांक : २ डिसेंबर २०२५

लिहून देणार : छाया वाल्मिक ठोंबरे (सही)

साक्षीदार :
१. डॉ. नम्रता भगत (सही)
२. नागू लडकू पारधी (सही. अंगठा चालेल म्हटलं, पण त्याने पेन मागून घेतलं.)