फाळक्यावरचा चेहरा

प्रिय विलास,

गावात ऊस वाहणाऱ्या ऋषिराजनं त्याच्या नव्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर तुझं चित्र काढून घेतलंय. रंगवणाऱ्या लखननंच मला सांगितलं. खाली बँडचं नाव, 'काळं रान'. बँडमध्ये आपण चौघं होतो. फाळक्यावर तू एकटाच आहेस.

तू कॅनडाला गेल्यावर जन्मलेली ही पोरं ऊस वाहताना आपली रॉक गाणी मोठ्यानं लावतात. मी ऋषिराजला म्हटलं, "अरे, ड्रमवर मी होतो."

"व्हय तात्या, ठावं हाय. पण ड्रम कोण बघणार? विलासदादांचं केस बघा की!"

माझी लेक सोनमसुद्धा हसली. तिच्या मोबाइलवरही तूच. मी तात्या आणि तू दादा. खरं तर तू माझ्याहून मोठा!

उद्या तीच ट्रॉली माझ्या फडावर येणार आहे. ऊस भरला की कारखान्यापर्यंत मला मोटरसायकलवर तुझ्या तोंडामागूनच जायचंय. वाटेत ऋषिराज तुझं गाणं लावणार आणि माझी बोटं हँडलवर ठेका धरणार. ते तुला कळू नये, म्हणून हे पत्र खिशातच राहील.

तुझा ड्रमवाला,
संभाजी
कोऱ्हाळे बुद्रुक