दोन कानांची वाटी

॥ श्री ॥

धुळे, २६ एप्रिल २०२३

ती. अक्कास,
रूपाचा शि. सा. न. वि. वि.

आखाजीला माहेरी आले नाही म्हणून तू रुसली असशील. झोका माझ्यावाचून अडला नसेल, पण माझ्या वाटणीच्या सांजोऱ्या कोणी खाल्ल्या ते कळव. तुझे कान गेल्यापासून फोनवर तू नुसतं हो हो करतेस आणि मनाला येईल ते समजतेस. म्हणून पत्रच बरं. निवांत वाच.

न येण्याचं कारण आमच्या ह्यांची बोट. गुजरातेत अलंगला जुन्या बोटी मोडतात, तिथला माल नासीरभाईंच्या ट्रकने धुळ्याला येतो. लोक त्यातून कपाटं नेतात, गाद्या नेतात. आम्हाला हवी फक्त 'सेलेस्टिना'. साहेबलोकांना विलायतेहून अमेरिकेला नेणारी ती बोट मोडून वीस वर्षं झाली, पण तिच्या चहादाण्या, ट्रे, चमचे, निळ्या काठाच्या ताटल्या अजून कुठून कुठून निघतात आणि आमच्या घरी मुक्कामाला येतात. हौसेला मोल नाही म्हणतात ना, तसं. आणि गंमत अशी, की ह्यांनी समुद्र पाहिला तो लग्नानंतर एकदाच. मुंबईला लाँचमध्ये बसायची वेळ आली तर पोटात ढवळतं म्हणून धक्क्यावरूनच मागे फिरले!

पुढच्या खोलीत आता चार काचेची कपाटं झाली. शेजारच्या पुष्पाबाई म्हणतात, बठ्ठं घर बोट व्हई गयं. दर शनिवारी मी सगळं काढून पुसते, म्हणून कपाटांची दुसरी किल्ली माझ्या कमरेला असते. नवीन आली आहे ती सूप प्यायची वाटी. चांदीचा मुलामा, दोन बाजूंना दोन कान, बुडाशी बोटीच्या सगळ्या भांड्यांवर असतो तो नांगराचा छाप. मागच्या आठवड्यात मला ताप होता, तेव्हा मी पेज तीत घेतली. तेवढ्यात हे आले. वाटी माझ्या हातून काढून घेतली, पेज स्टीलच्या वाटीत ओतली, ती धुतली, पुसली, कपाटात ठेवली, आणि मग मला विचारलं, ताप किती आहे. मला हसूच फुटलं. पण अक्का, एक घोट मी घेतला होता. काठ ओठाला इतका पातळ लागतो! एकदा पोटभर पिणार आहे मी तीत.

अधूनमधून पोटात दुखतं. काळजी करू नको. तुझ्या दीपकला आशीर्वाद. माया आहेच, ती आटू देऊ नको.

तुझी,
रूपा

॥ श्री ॥

धुळे, ९ सप्टेंबर २०२३

ती. मंजुळाअक्कांस,
अभिमनचा सा. न. वि. वि.

रूपाला चि. दीपकबरोबर पाठवीत आहे. इथल्या डॉक्टरांनी पोटात गाठ सांगितली आहे. आपण जळगावला मोठ्या दवाखान्यात दाखवालच. आपला हात फिरला आणि असोद्याची हवा लागली की तिला उतार पडेल, अशी खात्री आहे.

इथे तिचे हाल होत होते. पुढच्या खोलीत कूलर लावता येत नाही, ओल्या हवेने मुलाम्यावर काळे डाग पडतात. म्हणून कूलर नको आणि खाटही नको असं ठरवून तिला मागच्या पडवीत झोपवलं होतं. पण तिथे पत्रा तापतो. शिवाय पुण्याचे एक जाणकार गृहस्थ संग्रह पाहायला येणार आहेत. घरात कोणी कण्हत असलं की पाहुण्याला अवघडल्यासारखं होतं. आपण समजून घ्याल.

आपण मला 'कप्तान' म्हणून चिडवता, त्याचा मला राग नाही. ज्याला छंद नाही त्याला ते कळायचं नाही. रूपा कमरेची किल्ली चुकून सोबत घेऊन गेली आहे, तेवढी परत पाठवावी.

कृपा आहे तशीच राहू द्यावी.

आपला,
अभिमन

॥ श्री ॥

असोदा, २ ऑक्टोबर २०२३

श्री. अभिमनराव यांस,
मंजुळाचे अनेक आशीर्वाद.

गाठ आता एका जागी राहिलेली नाही, असं जळगावचे डॉक्टर म्हणाले. दीपकने घरी येऊन ते मला पाटीवर लिहून दाखवलं आणि रूपा उठायच्या आत पुसून टाकलं. तिला कोणी काही सांगितलेलं नाही, पण तिला कळलं आहे.

अन्न सुटलं. घोट घोट पेज जाते, तीही मन वळवून. काय खावंसं वाटतं विचारलं तर खायचं काही मागत नाही, तुमची ती दोन कानांची वाटी मागते. त्या वाटीतून पेज प्यायची आहे म्हणते. लाजून म्हणते, हे विशेष. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने तुमच्याकडे काय मागितलं ते आठवून बघा. मला तर एक लुगडंही आठवत नाही.

वाटी पाठवा. दीपक येऊन घेऊन जाईल. माझ्या शालीत गुंडाळून आणेल आणि तशीच परत पोचवेल, माझा शब्द. कप्तान, बोट बुडताना बायकांना आधी उतरवतात, असं तुम्हीच आम्हाला जेवताना रंगवून सांगितलं होतं. आता सांगितल्याप्रमाणे वागा.

उत्तराची वाट पाहते. मोठी आहे म्हणून हक्काने लिहिलं, गोड मानून घ्या.

मंजुळा

॥ श्री ॥

धुळे, ९ ऑक्टोबर २०२३

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मन हळहळलं. दसरा झाला की येतोच.

वाटीबद्दल आपण लिहिलंत. आपला शब्द मोडताना जड जातं, पण ती वाटी म्हणजे नुसतं भांडं नव्हे. पुण्याचे गृहस्थ ती हातात घेऊन बुडाचा नांगर भिंगातून पाहत राहिले. पेजेतल्या मिठाने मुलामा खाल्ला जातो आणि एकदा गेला की गेला. आजारी माणसाच्या हाताला कंप असतो, पडली तर पोचा येईल. रूपाने इतकी वर्षं ही सगळी भांडी पुसली आहेत, तिला हे कोणी समजावायला नको.

मी वाटीचा चांगला मोठा फोटो काढून सोबत पाठवीत आहे. तो तिला दाखवावा, तिला बरं वाटेल. शिवाय एक नवी स्टीलची वाटी घेतली आहे. तिच्यावर मुद्दाम 'सौ. रूपा' असं नाव घालून घेतलं, म्हणजे आपल्या भांड्यांत मिसळायला नको. नाव घातलेलं भांडं कुठे जात नाही.

किल्लीची आठवण करून देतो.

लोभाची ऊब राहू द्यावी.

अभिमन

॥ श्री ॥

असोदा, १० नोव्हेंबर २०२३

श्री. अभिमनराव यांस,
आशीर्वाद.

तुम्ही तेराव्याला जेवून गेलात ते नीट पोचल्याचं दीपककडून कळलं.

दहाव्याच्या दिवशी तापीकाठी जे झालं, ते तिथे बोलले नाही, इथे लिहिते. कावळा पिंडाला शिवेना. झाडावर इतके बसले होते, एकही खाली येईना. दीपकने सांगितलं, मावशी, घरी सगळं नीट होईल. मी सांगितलं, यांच्या जेवणाखाण्याकडे मी बघेन. भटजींनी तुमच्याकडे पाहिलं. सगळ्या माणसांनी पाहिलं. तिचं मन कशात अडकलं आहे हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक होतं. वाटी दिली, एवढंच म्हणायचं होतं. द्यायची नव्हतीच, नुसतं म्हणायचं होतं. तुम्ही पाण्याकडे बघत उभे राहिलात. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं मान खाली घालून घरी आली.

माझा कावळ्यावर फार विश्वास आहे असं नाही. पण मेलेल्या बायकोशी खोटंही बोलवत नाही, असा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

किल्ली सापडत नाही.

मंजुळा

॥ श्री ॥

धुळे, ४ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

वर्षभर आपलं पत्र नाही. रागावला असाल. आपण मोठ्या, आपला राग आम्ही आशीर्वादच मानतो.

रूपाचं वर्षश्राद्ध येत आहे. माझी फार अडचण झाली आहे. अलंगला एका गोदामात सेलेस्टिनाची घंटा निघाल्याचं नासीरभाई सांगतात. आत्ता गेलो नाही तर दुसरा कोणी उचलेल. तेव्हा श्राद्ध चि. दीपकच्या हातून करून घ्यावं. ते धुळ्यालाच व्हावं, लोक नावं ठेवतात. घराची किल्ली पुष्पाबाईंकडे ठेवून जात आहे.

स्मरणार्थ भांडी वाटायची पद्धत आहे, ती मोडू नये. मात्र नवीन विकत घेऊ नयेत. स्वयंपाकघरात रूपाचं स्टील भरपूर पडून आहे. त्यावरच नाव घालून घ्यावं आणि वाटावं. मी दोन दिवसांनी येऊन सगळ्यांना भेटेनच.

आपल्यावाचून मला कोण आहे?

अभिमन

॥ श्री ॥

असोदा, २० ऑक्टोबर २०२४

श्री. अभिमनराव यांस,
आशीर्वाद.

वर्षश्राद्ध यथासांग पार पडलं. तुम्ही येऊन कपाटं पाहिली असतीलच, तरी मीच सांगते, म्हणजे शेजाऱ्यांवर आळ नको.

तुम्ही स्वयंपाकघरातली भांडी लिहिलं होतं. मी ते नीट वाचलं. माझे कान गेले आहेत, डोळे शाबूत आहेत. रूपाचं स्टील मी माझ्या घरी आणलं. वाटायला तुमची कपाटं उघडली. किल्ली रूपाने शेवटच्या दिवसांत माझ्या हातात दिली होती. काय करायचं ते तिने सांगितलं नाही, ते सगळं माझं आहे.

जळगावच्या भांड्यांच्या गल्लीतून नावं घालणारा वना आपलं यंत्र घेऊन आला आणि सकाळपासून ओट्यावर बसला. यंत्राची घरघर मला ऐकू येत नव्हती, पण फरशीतून तळपायाला कळत होती. 'कै. रूपाबाई यांच्या स्मरणार्थ', एकेका भांड्यावर, नांगराच्या बरोबर खाली. तिथे जागा होतीच. मुलाम्याखालचं तांबं अक्षरांत छान उठून दिसतं. निळ्या काठाच्या ताटल्यांत वरण-बट्टी वाढली आणि घोटलेली वांग्याची भाजी. बायकांच्या पंगतीत चार फुटल्या. लोक पोटभर जेवले.

चहादाणी बोदवडच्या तुमच्या बहिणीला गेली. मोठा ट्रे पुष्पाबाईंना. साखरेचं भांडं नासीरभाईंच्या बायकोला, नूरबीला दिलं. तुम्ही कपाटं लावत होता तेव्हा ती पडवीत येऊन रूपाचे पाय चेपायची. नको नको म्हणत, रडत घेतलं तिने. बाकीचं असोद्यात घरोघर आहे.

दीपकला हे पसंत नव्हतं. तो श्राद्ध करून जेवला नाही.

वाटीत पेज घालून गच्चीवर ठेवली. कावळे लगेच आले. अर्थात भुकेले असतील.

घंटा मिळाली का?

मंजुळा

॥ श्री ॥

धुळे, १५ डिसेंबर २०२४

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

घंटा दुसऱ्याच बोटीची निघाली.

दीड महिना मी घरोघर हिंडतो आहे. कोणी भांडं परत देत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाचं भांडं परत केलं तर घराला बाधतं म्हणतात, आणि मला आग्रहाने बसवून घेतात. बोदवडला बहिणीने त्याच चहादाणीतून चहा ओतला. पुष्पाबाईंच्या ट्रेवर पापड वाळत होते. नूरबीने साखरेचं भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि आत निघून गेली. जिथे जातो तिथे ते नाव समोर येतं. मी ते वाचतो आणि चहा पितो. पुण्याच्या गृहस्थांना एक चमचा दाखवला. त्यांनी नाव वाचलं, ही कोण असं विचारलं, आणि चमचा परत दिला. असल्या वस्तूंना आता संग्रहात जागा नाही म्हणाले.

मी रूपावर कधी हात उचलला नाही. तिला कधी उपाशी ठेवलं नाही. आपण मला एवढी शिक्षा का केलीत, हे मला खरोखर समजत नाही.

झालं ते झालं. माझं आता काही मागणं नाही, फक्त ती वाटी. नाव घातलेलं असलं तरी चालेल. द्यायची नसेल तर एकदा हातात घेऊ द्या. मी असोद्याला येतो, आपल्या ओट्यावर बसून पाहतो आणि परत जातो. रात्री झोप लागत नाही. चार रिकामी कपाटं आहेत आणि मी आहे.

उत्तराची वाट पाहतो. लहान समजून पदरात घ्यावं.

अभिमन

॥ श्री ॥

असोदा, २ जानेवारी २०२५

श्री. अभिमनराव यांस,
आशीर्वाद.

वाटी माझ्याकडे आहे. तिच्यावर नाव घातलेलं नाही. रोज सकाळी मी तिच्यातून दूध पिते. खरं सांगू का, काही विशेष नाही. दूध कढत असलं की दोन्ही कान तापतात आणि बोटांना चटका बसतो. काठ मात्र पातळ आहे. रूपा म्हणायची ते खोटं नव्हतं.

दीपक मला दुष्ट म्हणतो. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं त्याने. मी ते पुसलं नाही, पाटी खुंटीला तशीच टांगली आहे. तुम्हाला घरोघर हिंडावं लागलं हे वाचून मला बरं वाटलं का, असं कोणी विचारलं तर हो, वाटलं. दोनचार दिवस टिकलं. मग बहिणीची आठवण होती तिथेच राहिली. तरीही वाटी देणार नाही, आणि पाहायलाही येऊ नका.

तुम्ही 'सौ. रूपा' नाव घालून पाठवलेली स्टीलची वाटी पार्सलने परत पाठवली आहे. नाव असलेलं भांडं कुठे जात नाही, खरंच. ती तुमच्याकडे असू द्या, चहाला होईल.

आणि या पत्रासोबत फोटो आहे, तुम्हीच काढलेला. उशीखाली असायचा म्हणून कोपरे दुमडले आहेत. मधला डाग पेजेचा आहे. शेवटी शेवटी स्टीलच्या वाटीतून पेज पाजताना ती मला हा फोटो तोंडासमोर धरायला लावायची, आणि मग घोट घ्यायची.

रूपाचं यावर भागलं. तुमचंही भागेल.

लोभ होता.

मंजुळा